घरासाठी ऑल-इन-वन कॉम्प्युटर पारखताना: आधी बोर्ड, मग कागद, शेवटी स्क्रीन

घरासाठी ऑल-इन-वन घ्यायला निघालेलं कुटुंब दुकानात शिरलं की आधी स्क्रीन बघतं. मग किंमत, मग रंग. घरी आणल्यावर कळतं की टेबल पुरत नाही, लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना मशीन बंद पडतं आणि मे महिन्यात दुपारी दोननंतर त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे या तीन तक्रारी नेहमीच्या आहेत. तिन्ही दुकानात पाय ठेवण्याआधीच टाळता येतात.

ऑल-इन-वनमध्ये स्क्रीनच्या पाठीमागेच अख्खा कॉम्प्युटर बसवलेला असतो. आतला माल बहुतेक लॅपटॉपचा, पण लॅपटॉपची बॅटरी मात्र नाही. साध्या डेस्कटॉपचा मॉनिटर गेला तर दुसरा जोडता येतो, पॉवर सप्लाय जळला तर तासाभरात बदलून मिळतो. इथे तसं होत नाही. जे काही पारखायचं ते पैसे देण्याआधी. म्हणून खालचा क्रम मोडू नका. दुकान सहाव्या टप्प्यावर येतं, ते मुद्दामच.

## टप्पा १: ऑल-इन-वनच हवा आहे का?

हे दोन मिनिटांत उरकतं. मुलगा किंवा मुलगी पुढच्या वर्षी पुण्या-नाशिकला शिकायला जाणार असेल आणि मशीन सोबत न्यायचं असेल, तर लॅपटॉप घ्या. जड गेम खेळायचे असतील किंवा व्हिडिओ एडिटिंगचं काम रोजचं असेल, तर सुटा डेस्कटॉप. घरातल्या तिघा-चौघांनी एकाच जागी बसून वापरायचं असेल, म्हणजे अकरावी-बारावीचे ऑनलाइन क्लास, महाडीबीटीचे अर्ज, शाळेची कामं, केळी-कापसाच्या व्यवहाराचा एक्सेलमधला हिशेब, टॅली आणि संध्याकाळी नातवंडांशी व्हिडिओ कॉल, तर ऑल-इन-वन चांगला पर्याय आहे. वायरींचा गुंता नाही आणि स्क्रीन मोठी.

ही यादी कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करणार हे लिहा. चौथ्या टप्प्यात हा कागद लागेल.

## टप्पा २: आधी भिंतीवरचा बोर्ड तपासा

लोक हा टप्पा हमखास गाळतात. वायरमनला अर्ध्या तासासाठी बोलवा आणि ज्या बोर्डवर मशीन लावणार त्याच बोर्डवर मल्टिमीटर लावायला सांगा. तीन मापं घ्यायची:

1. फेज आणि न्यूट्रल: २३० व्होल्टच्या आसपास हवं. एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी सात-आठला मोजा. गावात पंप सुरू असताना व्होल्टेज पडत असेल, तर ते याच वेळी दिसतं.
2. फेज आणि अर्थ: जवळपास तितकंच हवं.
3. न्यूट्रल आणि अर्थ: शून्याच्या जवळ, दोन-तीन व्होल्टपर्यंत. दहा-वीस दिसत असतील तर अर्थिंग किंवा न्यूट्रल ढिलं आहे.

तिसरं माप बिघडलेलं असेल तर मशीनच्या धातूच्या कडेला हात लागल्यावर मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो, "भाऊ, तेवढं चालतं." चालत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला तर भेगाच पडतात. मार्च ते जून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची सवय लावून घ्या.

आता बॅकअप. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, ऑल-इन-वन त्याच क्षणी विझतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो: एक बाजू नॉर्मल किंवा इको, दुसरी यूपीएस. नॉर्मलवर इन्व्हर्टर सावकाश पलटतो. पंखा-दिव्याला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवला की पलटी झटपट होते, पण मग तो कमी व्होल्टेज सहन करत नाही. साधारण १८० व्होल्टच्या खाली मेन लाईन असूनही बॅटरीवर जातो. ज्या घरात रोज संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे यूपीएस मोडमध्ये बॅटरी वेळेआधीच संपलेली सापडेल.

अशा घरांना माझा सरळ सल्ला असा: इन्व्हर्टर नॉर्मलवरच राहू द्या आणि कॉम्प्युटरसाठी ६०० व्हीएचा छोटा वेगळा यूपीएस घ्या. असा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार पेलतो, ऑल-इन-वनचा अडॅप्टर सहसा ६५ ते १५० वॅटचा असतो. बॅटरी नवी असताना पाव-अर्धा तास सहज निघतो. फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढं पुरे. वायफायचा राउटरही त्याच यूपीएसवर घ्या, म्हणजे चालू क्लास तुटणार नाही.

सावधान: यूपीएसवर प्रिंटर लावू नका. लेझर प्रिंटर कागद तापवताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

पुढे जाण्याआधी तपासा: तिन्ही मापं लिहून ठेवली? यूपीएसचा खर्च बजेटमध्ये धरला? यूपीएस नंतर बघू म्हणणाऱ्याला तो मशीन बिघडल्यावरच आठवतो.

## टप्पा ३: जागा आणि उष्णता

एका खोक्याचा पुठ्ठा ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच कापा. २३.८ इंची स्क्रीन साधारण एवढी असते. २७ इंची हवी असेल तर रुंदी ६० धरा. हा पुठ्ठा ठरलेल्या टेबलावर उभा करून बसून बघा. डोळे आणि पुठ्ठा यांत हातभर अंतर राहायला हवं, पुढे कीबोर्डला जागा हवी आणि मागे भिंतीपासून वीतभर मोकळं. त्यासाठी टेबल निदान ६० सेंटिमीटर खोल लागतं. टीव्हीच्या शोकेसच्या कप्प्यात मशीन बसवायचा मोह अनेकांना होतो. तिन्ही बाजूंनी बंद कप्प्यात गरम हवा बाहेर पडत नाही.

बऱ्याच मॉडेलांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. हे तापमान खोलीच्या हवेचं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३५ च्या आत राहत नाही. धाब्याच्या घरातली आतली खोली राहते, पण तिच्या जाड भिंतींतून वायफाय नीट येत नाही. निवड तुमची, मी थंड खोली घेईन आणि तिथपर्यंत लॅनची केबल ओढेन.

टाळायच्या जागा: पश्चिमेची भिंत, समोर किंवा मागे उघडी खिडकी, आणि कूलरचा थेट झोत. थंड हवा मशीनला चांगली, असं समजून लोक कूलर मशीनकडे वळवतात. कूलरच्या हवेत ओल असते, जाळी खराब असेल तर बारीक तुषारही उडतात, आणि ती ओल आतल्या धुळीला चिकटवून थर करते. कूलर खोलीत असू द्या, पण तोंड दुसरीकडे. जवळपास जिनिंग मिल असेल तर कापसाची बारीक रुई मागच्या जाळीवर बसते. हंगामात ती दर आठवड्याला मशीन बंद करून मऊ ब्रशने झाडायची.

## टप्पा ४: कागदावर छाननी

तीन-चार मॉडेलांची माहितीपत्रकं मोबाईलवर उतरवा आणि पहिल्या टप्प्यातली कामांची यादी शेजारी ठेवा.

प्रोसेसर. फक्त "आय-फाईव्ह" किंवा "रायझन फाईव्ह" वाचून थांबू नका, पूर्ण नंबर वाचा. आय-थ्री १२१५यू सहा कोरचा, आय-फाईव्ह १२३५यू दहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला, स्वतंत्रपणे काम करणारा भाग). घरच्या कामाला पहिलाही पुरतो. एन-१०० किंवा एन-२०० हे चार कोरचे अगदी हलके प्रोसेसर आहेत, नुसत्या ब्राउझिंग-टायपिंगला ठीक, पण घरात एकाच वेळी क्लास, एक्सेल आणि पंधरा टॅब चालणार असतील तर रखडतात. रायझनमध्ये एका आकड्याने घोळ होतो: ७५२०यू चार कोरचा आणि जुन्या झेन २ रचनेचा, ७५३०यू सहा कोरचा आणि झेन ३ चा. नावं शेजारी शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांत भरतही नाही.

सावधान: ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अनोळखी ब्रँडचे ऑल-इन-वन "आय-फाईव्ह, १६ जीबी" म्हणून विकले जातात आणि आत तिसऱ्या-चौथ्या पिढीचा प्रोसेसर निघतो. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पिढी लिहिलेली नसेल तर ते मशीन सोडा.

रॅम. आठ जीबी किमान, सोळा चांगली. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ती वाढवता येते का. काही मॉडेलांत रॅम मदरबोर्डलाच (आतल्या मुख्य सर्किटला) कायमची जोडलेली असते. वर सांगितलेल्या ७५२०यू बरोबर ती तशीच येते. अशा मशीनमध्ये आठ घेतली तर आयुष्यभर आठच. माहितीपत्रकात "एसओ-डिम" (म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) आणि स्लॉटची संख्या शोधा.

स्टोरेज. "१ टीबी" हा आकडा मोठा दिसतो, पण ती फिरती हार्डडिस्क असेल तर नुसतं सुरू व्हायलाच वेळ खाते. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क. फोटो-व्हिडिओंसाठी जागा कमी पडली तर बाहेरून हार्डडिस्क जोडता येते.

स्क्रीन. आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारं), चमक निदान २५० निट्स (चमक मोजायचं एकक), वरचा थर मॅट, म्हणजे न चकाकणारा. २७ इंचीवर १९२० बाय १०८० असेल तर अक्षरं किंचित फुटतात, आणि मराठीतली जोडाक्षरं, रफार, अनुस्वार वाचताना ते जास्त जाणवतं. त्या रिझोल्यूशनला २४ इंचच बरी. टचस्क्रीनसाठी जादा पैसे देऊ नका. हात लांब करून टेबलावरच्या स्क्रीनला कोणी फार दिवस स्पर्श करत नाही.

एचडीएमआय. हा मुद्दा दुकानदारालाही अनेकदा ठाऊक नसतो. एचडीएमआय "आउट" म्हणजे या मशीनचं चित्र टीव्हीवर नेता येतं. "इन" म्हणजे बाहेरचं चित्र या स्क्रीनवर आणता येतं. सहा वर्षांनी आतला कॉम्प्युटर जुना झाला, तर "इन" असलेल्या मशीनची स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता येईल. फक्त "आउट" असेल तर तो पॅनेल भंगारात. दोन मशीनमध्ये अडकलात तर मी "इन"वालं उचलेन.

विंडोज आणि ऑफिस. विंडोज मूळ कंपनीकडून घातलेलं हवं. "डॉस" किंवा "उबुंटू" लिहिलेलं, म्हणजे विंडोज नसलेलं, मशीन स्वस्त असतं आणि मग दुकानात "टाकून देतो" असं सांगतात. ते चोरीचं असतं. ऑफिस कायमचं आहे की वर्षभराचं, हेही विचारा.

## टप्पा ५: सर्व्हिस कुठवर येते?

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि तुमचा पिनकोड सांगून एकच प्रश्न विचारा: या मॉडेलला या पिनकोडवर घरी येऊन सेवा मिळते का? दुकानदाराला विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी होकारार्थीच असतं. ४२५००१ ला माणूस घरी येतो म्हणून अक्राणी-अक्कलकुव्याला येईलच असं नाही. मशीन स्वतः नेऊन द्यायची वॉरंटी असेल तर सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की थेट नाशिक-संभाजीनगरला, तेही विचारा. २४ इंची स्क्रीन एसटीत मांडीवर घेऊन जाण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये.

वाढीव वॉरंटी मी इतर वस्तूंना सहसा घेत नाही. ऑल-इन-वनला घेतो, कारण पॅनेल किंवा मदरबोर्ड गेला की दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. ती कंपनीचीच हवी, दुकानाची नको.

## टप्पा ६: आता दुकानात

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, सकाळी लवकर जा. संध्याकाळच्या गर्दीत कोणी तुम्हाला डेमो पीसला दहा मिनिटं हात लावू देत नाही. क्रम असा:

1. डेमो मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर तुमच्या कागदाशी जुळवा. बाहेरून एकसारखी दिसणारी मशीनं आतून वेगळी असतात.
2. स्क्रीनवर पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा. खुर्चीतून उजवी-डावीकडे सरका. रंग बदलत असतील तर पॅनेल हलकं आहे.
3. मराठीत चार ओळी टाइप करून वाचा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषा जोडावी लागते.
4. स्क्रीन मागे-पुढे झुकवा. बहुतेक ऑल-इन-वनची उंची बदलत नाही, म्हणून कोणाला मान वाकवावी लागते ते घरातल्या सर्वांत उंच माणसाला बसवून बघा.
5. यूएसबीची भोकं कुठे आहेत ते पाहा. सगळी मागे असतील तर रोज पेनड्राइव्ह लावणाऱ्याची पंचाईत होते.

स्पीकर दुकानाच्या गोंगाटात कळत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. आणि एसीमध्ये उभं राहून पंखा किती शांत आहे हे तर मुळीच ठरवू नका.

सौदा झाला की सीलबंद पेटी मागा, डेमो पीस नको. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेला हवा. सुरुवातीलाच दोष निघाला तर किती दिवसांत बदलून मिळेल, हेही बिलावरच लिहून, शिक्का मारून घ्या. तोंडी वायदा घेऊन परत जाऊ नका.

## टप्पा ७: पेटी घरी आणणं आणि उघडणं

पेटीवरच्या बाणांप्रमाणे उभीच न्या. मोटारसायकलवर आडवी धरून आणलेल्या पेटीत पॅनेलवर दाब येतो. उघडताना सील दिसेल अशा रीतीनं मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. पेटी, बिल आणि मशीन या तिन्हींवरचा सिरियल नंबर जुळतो का पाहा. मशीन बाहेर काढताना कडांना आणि स्टँडला धरा, स्क्रीनवर अंगठा दाबू नका.

तपासा: बदली मिळण्याची मुदत संपेपर्यंत पेटी आणि थर्मोकोल माळ्यावर ठेवा. पेटी नसेल तर बदली द्यायला खळखळ करतात.

## टप्पा ८: सुरू केल्यावर, काहीही इन्स्टॉल करण्याआधी

विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. खातं घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं उघडा. दुकानदाराच्या मुलाला "सेटअप करून दे" म्हटलं की तो स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो, आणि मग पासवर्ड विसरला की ऑफिसही गेलं. मुलांसाठी आत वेगळे यूजर करता येतात.

मग याच क्रमानं:

1. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन: विंडोज सक्रिय असल्याचं दिसायला हवं.
2. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. मेमरीत "फॉर्म फॅक्टर"समोर "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली आहे. "एसओ-डिम" असेल तर शेजारीच किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं.
3. स्टोरेज: ५१२ जीबीची एसएसडी विंडोज सुमारे ४७६ जीबी दाखवतं. ही फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यासाठी दुकानात भांडायला जाऊ नका. एनव्हीएमई ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये उरलेलं आयुष्य दिसतं, नव्या मशीनवर ते १०० टक्के किंवा त्याच्या अगदी जवळ हवं. बरंच कमी असेल तर मशीन वापरलेलं आहे.
4. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरलेली नसेल तर बिल अपलोड करून लगेच दुरुस्त करून घ्या.
5. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशी पाच कोरी चित्रं पूर्ण स्क्रीनवर आणून ठिपके शोधा. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी कंपन्या सहसा पॅनेल बदलत नाहीत, पण दुकानदाराच्या मुदतीत तक्रार केली तर बोलणी होऊ शकतात.
6. विंडोजचे अपडेट पूर्ण करा. काही जीबींचा डेटा लागतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नका. आणि हे यूपीएसवरच करा.

अपडेट संपल्यावर यूपीएसची परीक्षा घ्या. एक साधी फाईल उघडी ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा, मशीनचा नव्हे. मशीन चालू राहिलं, राउटर चालू राहिला, की झालं.

## टप्पा ९: दुपारची परीक्षा

ही बदलीच्या मुदतीत उरकायची. दुपारी दोन ते पाचमध्ये, मशीनच्या कायमच्या जागी, एक तास सलग: यूट्यूबवर व्हिडिओ, एक व्हिडिओ कॉल आणि विंडोज सिक्युरिटीचं पूर्ण स्कॅन, तिन्ही एकदम. शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. प्रोसेसरचा वेग सुरुवातीला चढतो आणि नंतर थोडा उतरतो, ते नेहमीचं आहे. पण काम भरपूर असताना तो तिथेच दिलेल्या "बेस स्पीड"च्याही खाली पुन्हा पुन्हा जात असेल, आवाज तुटत असेल किंवा मशीन आपोआप बंद पडत असेल, तर उष्णतेनं दम टाकला आहे. आधी जागा बदलून, मागची जाळी मोकळी करून पुन्हा एक तास घ्या. तरीही तेच झालं तर व्हिडिओ काढून बदली मागा.

दिवाळीला घेणाऱ्यांची यात अडचण होते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात खोली तापतच नाही आणि मशीन पास होतं. तुमची एक वर्षाची वॉरंटी पुढच्या दिवाळीपर्यंत आहे, म्हणजे एक अख्खा उन्हाळा तिच्यात बसतो. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार आजच लावून ठेवा आणि हीच परीक्षा तेव्हा पुन्हा घ्या. तोवर बसलेली धूळ त्याआधी झाडायची. बंद पडण्याची तक्रार निघाली तर जून उजाडायची वाट न बघता नोंदवा; पावसानं हवा थंड झाल्यावर तंत्रज्ञ आला तर त्याला दोष दिसत नाही आणि तक्रार "सापडलं नाही" म्हणून बंद होते. नोंदवलेल्या तक्रारीचा नंबर बिलाच्याच पाठीवर लिहा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की यूपीएसचा प्लग आणि लॅनची केबल, दोन्ही काढून ठेवा.